काजळ्याची डोणी

फार फार वर्षांपूर्वी तांबडवाडीच्या वेशीबाहेर एक पाल होतं. त्या पालात राहायची ठकू पाथरवटीण, तिचा नवरा येसू आणि त्यांचा काजळ्या कुत्रा. घर म्हणाल तर चार बांबू अन् वर एक फाटकं गोधडं. पण ठकूनं टाकी लावलेल्या जात्यातून पीठ रेशमासारखं पडायचं, असं म्हणतात.

गावात खंडोबाचं देऊळ. देवळापुढं दगडी कुत्रा, ठकूच्या सासऱ्यानं घडवलेला, तोंड मिटून बसलेला. त्याच्यावर दगडाचीच छत्री. रोज दुपारी गुरव त्याला गार पाण्यानं न्हाऊ घालायचा, हळद माखायचा, पुढ्यात पोळी ठेवायचा.

एका वर्षी देवळातले नारळ चोरीला जायला लागले. देवळाचे मानकरी सुभानराव पालाशी आले.

"ठके, तुझा काजळ्या देवाला दे. राखणीला हवाय."

ठकूचा ऊर भरून आला. माझा कुत्रा देवाच्या दारी! तिनं त्याला धुतलं, कपाळाला भंडारा लावला आणि नेऊन दिला. तिथंच तिचं चुकलं.

पंधरा दिवसांनी चैत्री पुनवेची जत्रा भरली. सासरी दिलेल्या लेकीला भेटायला जावं, तशी ठकू भर दुपारी गेली. बघते तर काय! दीपमाळेला लोखंडी साखळी आणि साखळीला काजळ्या. फरशी तव्यासारखी तापलेली. तो एक पाय उचलायचा, दुसरा टेकायचा. मानेचं कातडं साखळीनं सोललेलं. अन् दोन पावलांवर, छत्रीच्या सावलीत, दगडाच्या डोक्यावर घागरी रित्या होत होत्या! ते पाणी पन्हाळीनं वाहून चाललं होतं. काजळ्या साखळी ताणून ताणून जीभ लांब करायचा, पण वीतभर कमी पडायची. वीतभर! जत्रेला एवढी माणसं होती. सांगा, एकालाही ती वीत दिसू नये?

ठकू कडाडली, "अहो, माझं जितं जनावर भाजतंय आणि तुम्ही दगडाला आंघोळ घालताय?"

सुभानराव हसले. "अगं, देवाचा कुत्रा तो. त्याला कसलं ऊन लागतंय?"

"लागत नाही? मग घटकाभर तुम्हीच बसा की त्याच्या जागी!"

गुरव म्हणाला, "पालातली बाई. हिला देवाधर्मातलं काय कळतंय?"

"मला दगड कळतो," ठकू म्हणाली. "जन्म गेलाय माझा दगडात. त्याला तहान नसते. ह्याला आहे. ह्याला तोंड आहे पण वाचा नाही, म्हणून मी बोलतेय. सोडा ह्याला!"

कुणी हललं नाही. तेव्हा तिनं आपला पदर काजळ्यावर धरला आणि त्या फरशीवर अनवाणी उभी राहिली. तळव्यांना फोड आले, तरी जागची सरली नाही.

गुरवानं पुढची घागर दगडी कुत्र्यावर ओतली. चर्रर्र! सावलीतला दगड निखाऱ्यासारखा रसरसला होता. पाण्याची वाफ झाली, हळद करपली, पोळीचा कोळसा झाला. सात घागरी ओतल्या, साती घागरींची वाफ झाली. आणि ठकूच्या पायाखालची फरशी मात्र ओढ्यातल्या गोट्यासारखी गार पडली, असं म्हणतात.

सुभानरावांनी दगडाला हात लावला, तर तळहात पोळला. मग कुठं शहाणपण आलं! ते काजळ्यापुढं गुडघे टेकून बसले आणि त्यांनी आपल्या हातानं साखळी सोडली. काजळ्या पोटभर पाणी प्याला, तसा दगड निवला.

"ने बाई तुझा कुत्रा. आमचं चुकलं."

"नेतेच. पण उद्या दुसऱ्याचा आणून बांधाल!" ठकू म्हणाली. तिनं येसूकडून छिन्नी-हातोडा मागवला आणि दिवस मावळायच्या आत पन्हाळीच्या तोंडाशी पाण्याची दगडी डोणी कोरली.

तेव्हापासून तांबडवाडीत कुणी कुत्र्याला साखळी घालत नाही. दारोदार डोणी असते. चैत्री पुनवेला गावची कुत्री पाणी प्याल्याशिवाय पालखी उठत नाही. दगडी कुत्रा अजून आहे, जाऊन बघा. त्याचं तोंड उघडं आहे आणि जीभ बाहेर.

ठकूला गावानं वेशीच्या आत, देवळाला लागून जागा दिली. पाल गेलं, दगडी घर उभं राहिलं. डोण्या घडवून घ्यायला बारा गावची माणसं तिच्या ओट्यावर बसायला लागली. आणि जत्रेतली पहिली घागर काजळ्याच्या डोणीत ओतायचा मान आजही मानकऱ्यांचा नाही, गुरवाचा नाही. तो त्या पालातल्या माणसांच्या लेकीसुनांचा आहे.