सगुणाआत्याचे लाडू

रानातले प्राणीही दिवाळी करत असत, तेव्हाची ही गोष्ट. झिपरी नावाची अस्वलीण दर दिवाळीला मोहाची सुकी फुलं, चारोळ्या आणि डिंक कुटून लाडू वळायची आणि पळसाच्या पानांत बांधून घरोघर वाटायची. लाडू टणक असत, पण खमंग. म्हातारी वानरीण सगुणाआत्या तर हमखास म्हणायची, "झिपरे, तुझ्या हाताला चव आहे हो!" तोवर झिपरी पुढच्या घराकडे निघालेली असायची.

एका दिवाळीला आत्याचे हात फार थरथरत होते, म्हणून झिपरीच पुडा ठेवायला तिच्या ढोलीत वाकली. आत मागच्या दिवाळ्यांचे सगळे लाडू तसेच पडले होते. त्यांना बुरशी आली होती.

"आवडत नव्हते तर सांगायचं होतंस!" झिपरीचा आवाज चढला. "इतकी वर्षं खोटं कौतुक केलंस?"

"लाडू चांगलेच असणार गं. माझेच दात पडलेत."

"मग तेच सांगायचं!"

आत्या खाली बघत म्हणाली, "सांगितलं असतं, तर तू यायची थांबली असतीस. इकडे दुसरं कोण फिरकतं?"

उरलेले पुडे बाजूला ठेवून झिपरी खाली बसली. तिने दोन लाडू दगडाने बारीक कुटले, मधात कालवले आणि आत्याला भरवले. खाता खाता आत्या संध्याकाळपर्यंत बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी झिपरी पुन्हा आली. तिच्या हातात काहीच नव्हतं. आत्याने सरकून तिला बसायला जागा दिली.