झिपरीचा कापूस

कॉलेज म्हणजे मोठ्ठ्या मुलांची मोठ्ठी शाळा. अशाच एका कॉलेजात होतं सावरीचं झाड. झाडावर राहायची झिपरी. झिपरी म्हणजे इवलीशी खार. शेपटी मात्र ही एवढी झुबकेदार.

झिपरीला धाकटा भाऊ झाला होता. घरट्यातल्या काटक्या त्याला टोचायच्या. बाळ रडायचं, "चिक् चिक् चिक्!"

सावरीचा कापूस वाऱ्याने पार वर्गांच्या पलीकडे उडाला होता. झिपरीने तिथे जाऊन तो गोळा केला. मऊ मऊ, पांढरा पांढरा. कापूस तोंडात धरला आणि निघाली तुरुतुरु तुरुतुरु. जवळची वाट म्हणून शिरली एका वर्गात. वर्गात पंखा फिरत होता गरागरा. भुर्रर्र! कापूस उडाला. वर गेला आणि गोल गोल फिरत राहिला. खाली काही येईना.

झिपरी म्हणाली,
"पंखेदादा, पंखेदादा, थांब ना. कापूस मिळेना, बाळ झोपेना!"
पंखा म्हणाला, "मी नाही थांबत. बटण हललं तरच थांबेन."

झिपरी निघाली तुरुतुरु तुरुतुरु. दारापाशी होतं बटण. वर पाटी होती, शेवटी जाईल त्याने दाबावे.
"बटणराव, बटणराव, हला ना. पंखा थांबेना, कापूस मिळेना, बाळ झोपेना!"
बटण म्हणालं, "मी नाही हलत. सर निघाले तरच हलेन. आज शेवटी तेच जाणार."

झिपरी निघाली तुरुतुरु तुरुतुरु. फळ्यापाशी होते गुळवे सर. सरांचं नाक पुस्तकात. सर शिकवत होते, वीज वाचवा, वीज वाचवा. डोक्यावर पंखा चालू. सगळे दिवे चालू. बाहेर लख्ख ऊन. आणि समोर बाकांवर? कोणीच नाही! मुलं केव्हाच पळाली होती. सरांना पत्ताच नव्हता.
"गुळवे सर, गुळवे सर, निघा ना. बटण हलेना, पंखा थांबेना, कापूस मिळेना, बाळ झोपेना!"
सर म्हणाले, "मी नाही निघत. घंटा वाजली तरच निघेन."

झिपरी निघाली तुरुतुरु तुरुतुरु. व्हरांड्यात लटकत होती घंटा.
"घंटाबाई, घंटाबाई, वाज ना. सर निघेनात, बटण हलेना, पंखा थांबेना, कापूस मिळेना, बाळ झोपेना!"
घंटा म्हणाली, "मी नाही वाजत. मामा उठले तरच वाजेन."

झिपरी निघाली तुरुतुरु तुरुतुरु. लहानूमामा म्हणजे कॉलेजचे शिपाई. स्टुलावर बसून जांभया देत होते. आऽऽ! आऽऽ!
"लहानूमामा, लहानूमामा, उठा ना. घंटा वाजेना, सर निघेनात, बटण हलेना, पंखा थांबेना, कापूस मिळेना, बाळ झोपेना!"
मामा म्हणाले, "मी नाही उठत. किटली तापली, चहा मिळाला, तरच उठेन."

झिपरी निघाली तुरुतुरु तुरुतुरु. कँटीनमध्ये किटली बसली होती गारेगार.
"किटलीताई, किटलीताई, ताप ना. मामा उठेनात, घंटा वाजेना, सर निघेनात, बटण हलेना, पंखा थांबेना, कापूस मिळेना, बाळ झोपेना!"
किटली म्हणाली, "मी नाही तापत. कँटीनची वीज सोलरबाईकडून येते. तिने वीज दिली तरच तापेन."

झिपरी चढली सरसर सरसर. छपरावर होती सोलरबाई. निळी निळी, चपटी चपटी. ऊन खायचं आणि वीज करायची, हे तिचं काम. पण आज ती रुसली होती.
"सोलरबाई, सोलरबाई, वीज दे ना. किटली तापेना, मामा उठेनात, घंटा वाजेना, सर निघेनात, बटण हलेना, पंखा थांबेना, कापूस मिळेना, बाळ झोपेना!"
सोलरबाई म्हणाली, "मी नाही देत. मला आणलं तेव्हा फीत कापली, टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले. मग पुसायला कोणी आलंच नाही. धुळीतून मला ऊन लागत नाही गं. धूळ गेली तरच वीज देईन."

झिपरीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. आता विचारायला कोणी उरलंच नव्हतं. खाली बाळ रडत होतं, "चिक् चिक् चिक्!" झिपरीला वाईट वाटलं. मग रागच आला. रागाने तिने शेपटी आपटली. फट्!

धूळ उडाली.

"अगंबाई," झिपरी म्हणाली. मग काय! शेपटी इकडून तिकडे, शेपटी तिकडून इकडे. सट् सट्, सट् सट्. झिपरीला शिंका आल्या. आक्छी! आक्छी! सोलरबाईला झाल्या गुदगुल्या. हसता हसता ती झाली चकाचक.

सोलरबाईने वीज दिली.
किटली तापली, खदखद खदखद.
मामा चहा प्याले, फुर्र फुर्र. मग मामा उठले.
घंटा वाजली, ठण ठण ठण.
सरांनी नाक वर केलं. समोर रिकामे बाक! सर खूप लाजले. "शेवटचा मीच की," म्हणाले आणि निघाले.
बटण हललं, खट्.
दिवे गेले. वर्गात ऊन होतंच.
पंखा थांबला.

आणि कापूस? कापूस आला खाली. हळू हळू, हळू हळू. बसला कुठे? सरांच्या टकलावर!
झिपरीने मारली उडी, टुणकन्. सरांच्या टकलावरून कापूस उचलला आणि पळाली तुरुतुरु तुरुतुरु.

बाळाखाली कापूस पसरला. बाळाने इवलीशी जांभई दिली. चिक् नाही, चूं नाही. बाळ झोपलं.

आई म्हणाली, "झिपरे, शेपटी किती मळवलीस गं!"
पण ऐकतंय कोण? बाळाच्या शेजारी झिपरीही झोपली होती.