बांधावर निजणारे महाराज

तेरणेच्या काठी कवठाळी नावाचे काळ्या मातीचे गाव होते. त्या गावाच्या शिवारात फार पूर्वी एक महाराज येऊन-जाऊन असत. त्यांचे नाव कुणाला ठाऊक नव्हते. मठ नाही, शिष्य नाहीत, पायांत वहाणासुद्धा नाहीत. एक घोंगडी आणि एक नारळाची करवंटी, एवढाच त्यांचा संसार. कुणी ओसरी झाडून दिली तरी ते तिथे पाठ टेकत नसत. दोन शेतांमधला एखादा बांध बघायचा आणि त्यावर घोंगडी अंथरायची, हा त्यांचा शिरस्ता. विचारले तर महाराज म्हणत, "ही जागा याची नाही आणि त्याचीही नाही. मग राहिली कुणाची? देवाची. त्याच्या अंगणात पडायला परवानगी कसली घ्यायची?" म्हणून लोक त्यांना बांधावरचे महाराज म्हणू लागले.

सटवाजी आणि लिंबराज यांच्या शेतांमधला बांध त्यांच्या विशेष आवडीचा. बांधाच्या अलीकडे सटवाजीची विहीर होती. त्या दोन घरांचे मैत्र असे, की मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, शेतपूजेच्या सणाला, दोन्ही घरची माणसे त्याच बांधावर बसून जेवत आणि महाराज मधोमध बसून दोन्हीकडच्या भाकरी खात. कुठल्या घरची गोड, हे मात्र त्यांनी कधी सांगितले नाही.

पुढे सटवाजी वारला. त्याची बायको गवळणबाई मागे उरली. मूलबाळ नव्हते. जमीन, विहीर आणि दोन बैल एवढ्यावर ती बाई उभी होती. महाराजही त्या सुमारास कुठे निघून गेले, ते तीन वर्षे फिरकले नाहीत.

भाविकहो, माणसाचे मन बघा कसे असते. सटवाजी होता तोवर लिंबराज भला माणूस होता. म्हणजे वाईट बनण्याची संधी त्याला मिळाली नव्हती, असे म्हणा. आता शेजारी बाई एकटी आहे, हे त्याच्या नांगराला आधी कळले. पहिल्या वर्षी त्याने बांध एक तास कोरला, म्हणजे नांगराची एक ओळ जास्त ओढली. दुसऱ्या वर्षी दोन. तिसऱ्या उन्हाळ्यात बांधच उरला नाही, आणि हद्दीचा दगड पाच हात अलीकडे सरकून थेट विहिरीच्या धावेवर येऊन बसला. धाव म्हणजे मोट ओढताना बैल जिच्यावरून खाली उतरतात ती उताराची वाट. धाव गेली की मोट थांबली, मोट थांबली की विहीर असून नसल्यासारखी. गवळणबाईचे सगळे शेत त्या पाच हातांवर तगून होते.

ती चनबसप्पा पाटलांकडे गेली. पंच बसले. त्या मुलखात अशा तंट्याला जुनी रीत होती. वादातल्या जमिनीचे ढेकूळ डोक्यावर घ्यायचे आणि आपण म्हणतो त्या हद्दीवरून अनवाणी चालायचे. जो चालला त्याची हद्द कायमची खरी. खोटे चालणाऱ्याचे काय होते, ते त्याने आणि काळ्या आईने बघून घ्यायचे.

पाटील म्हणाले, "गवळणबाई, तुमची तक्रार हाय. तुम्ही उचलता का ढेकूळ?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. गवळणबाईने पदर नीट केला आणि खाली बघत म्हणाली, "पाटील, अवसेला शेताभोवती चर शिंपायला धनी पुढं चालायचे, मी मागनं. माझी नजर त्यांच्या टाचंवर. बांध असा मी निरखून बघितलाच न्हाई कवा. विहिरीच्या पल्याड होता एवढं पक्कं. पण बोटभर जरी चुकलं, तर दुसऱ्याची माती डोक्यावर घेऊन चालल्याचं पाप लागंल मला."

लिंबराज खो खो हसला. "ऐका मंडळी. हिला हिची हद्द ठाव न्हाई, आन तक्रार माझ्यावर!"

"बांधावरच्या महाराजांना ठाव हाय," ती म्हणाली. "ते तिथंच निजायचे."

"त्या घोंगडीवाल्याला? त्याला सकाळी उठल्यावर आपण कुठल्या गावात हाव, हे दुसऱ्याला इचारावं लागायचं. म्या उचलतो ढेकूळ. मला काय भ्या?"

पंचांनी मान डोलावली. खऱ्याने कचरायचे कारण काय, असे त्यांना वाटले. बोटभर पापाला भिणारी बाई पाच हात कशाला खोटे सांगेल, हे एकाच्याही डोक्यात आले नाही. वेळ अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी लिंबराजने चालायचे, असे ठरले.

वेळ अमावास्या उजाडली ती धुक्यात. ज्वारी पुरुषभर उंच झाली होती. सारे शिवार पांढऱ्या झोपेत होते. शेजारच्या शेतातून माणसांचे आवाज येत, पण माणसे दिसत नसत. गवळणबाईने एकटीनेच कडब्याची खोप उभी केली, आत पांडव म्हणून पाच खडे मांडून त्यांना चुना लावला, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि पालेभाज्या-शेंगांची एकत्र शिजवलेली भज्जी ठेवली. शेजारी आंबिलाचे मडके ठेवले. ज्वारीच्या पिठाचे, ताकातले, लसूण लावलेले ते आंबील सटवाजीला फार आवडे. हात जोडून ती म्हणाली, "देवा, उद्यापासून विहीर न्हाई. यंदाचं गोड मानून घे."

तेवढ्यात ज्वारी सळसळली. धुक्यातून आधी घोंगडी दिसली, मग करवंटी, आणि मग महाराजांचा हसरा चेहरा.

"माय, भूक लागली," महाराज म्हणाले.

गवळणबाईला रडूच फुटले. तिने त्यांचे पाय धुतले, पान वाढले. महाराज जेवायला बसले आणि आंबील पिऊ लागले. एक करवंटी झाली, दुसरी झाली, पाचवी झाली. ती वाढत राहिली. शेवटी मडक्याच्या तळाला ओंजळभर राहिले.

"महाराज, चर शिंपायचा राहिलाय अजून," ती अवघडून म्हणाली. या दिवशी कडुनिंबाच्या डहाळीने आंबील शिंपत शेताला फेरी घालायची, तिला चर शिंपणे म्हणतात. त्यावाचून सण पुरा होत नाही.

"उरलं तेवढं पुरेल. जा, शिंपून ये. मला जरा निजायचंय. पण माझी जागा दिसत नाही कुठं?"

"ती मोडली महाराज," असे म्हणून तिने सगळी हकिकत सांगितली.

महाराजांनी ऐकून घेतले. रागावले मात्र नाहीत. घोंगडी झटकून ते म्हणाले, "तीन बाजू तुला दिसतात, तिकडून डोळे उघडे ठेवून चाल. चौथ्या बाजूला आलीस की डोळे मिट. तू त्याच्या टाचांकडे बघायचीस ना? तशीच बघ."

गवळणबाई मडके कडेवर घेऊन निघाली. तीन बाजू झाल्या. प्रत्येक वेळी डहाळी बुडवताना तिला वाटे, आता कोरडी निघेल. डहाळी ओलीच निघे. चौथा कोपरा आला. समोर बांध नव्हता, नुसती ज्वारी होती. तिने डोळे मिटले.

आणि सटवाजीच्या टाचा तिला दिसल्या. उजवीला भेग पडलेली, डावीला चिखल लागलेला. धनी आपले सावकाश चालले होते, दर वर्षीसारखे. ती मागोमाग निघाली. तळव्यांखाली जमीन उंचावली. नांगराने कधीच मोडलेला तो बांध ऊन खाल्ल्यासारखा कोमट लागत होता. इथे उंदरांचे बीळ, म्हणून पाय जरा लांब टाकायचा. इथे आघाडा लुगड्याला धरतो. त्याने धरलेही. पुढे मोटेची चाके कुरकुरली, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला, आणि धन्याचा आवाजही आला, चर शिंपताना घालायचा तोच पिढ्यांचा जुना घोष, ज्याचा अर्थ कवठाळीत कुणाला धड सांगता येत नसे. तिला वाटले, हे शेत असेच लांबत जावे आणि कोपरा येऊच नये.

"ए बाई! माझ्या पिकात कुठं शिरलीस?"

तिने डोळे उघडले. लिंबराज समोर उभा होता. त्याच्याकडे पाटील आणि पंच जेवायला आले होते, तेही हातातले उंडे घेऊन धावत आले.

"बघा पाटील, उभी ज्वारी तुडवली हिनं," लिंबराज ओरडला.

पाटलांनी मागे वळून पाहिले. धुके हळूहळू वर उठत होते. ज्वारीचे एकही ताट मोडले नव्हते. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती दोन्हीकडे झुकून उभी होती आणि मधून भांग पाडल्यासारखी सरळ वाट गेली होती. वाटेच्या काळ्या मातीवर आंबिलाचे पांढरे थेंब होते. विहीर आणि तिची धाव त्या वाटेच्या अलीकडे, पुरी पाच हात मोकळी होती.

पंच विहिरीकडे आणि वाटेकडे आळीपाळीने बघू लागले. लिंबराजच्या कपाळावरची शीर मात्र तटतटली. "ही त्या घोंगडीवाल्याची करणी. ठरल्याप्रमाणं म्या चालणार."

"मग उद्या कशाला?" मागून आवाज आला. महाराज त्या वाटेच्या मधोमध घोंगडी टाकून एका कुशीवर आडवे झाले होते. "आताच चाल, बाबा. मी काही बघत नाही. निजतो." आणि खरेच त्यांनी डोळे मिटले.

लिंबराजने ढेकूळ उचलून डोक्यावर घेतले आणि धावेवरच्या दगडावर नजर रोखून तो निघाला. वीस पावले चालला आणि बघतो तो, पायांशी महाराज घोरताहेत. तो चिडून परत फिरला. पुन्हा दगड समोर धरला, पावले मोजून टाकली. पुन्हा महाराज! तिसऱ्या वेळी त्याने पाय घासत, जपून जपून वाट काढली. डोक्यावरचे कोरडे ठणठणीत ढेकूळ पाझरू लागले. त्याचे पाणी कपाळावरून ओघळून ओठांशी आले, आणि त्याला चव लागली. ताक, ज्वारी आणि लसूण.

ती चव त्याला पाठ होती. वीस वर्षे याच बांधावर त्याने ती चाखली होती. समोरच्या धुक्यात कुणीतरी वाटी पुढे धरून बसले होते आणि सटवाजीच्या नेहमीच्या घोगऱ्या आवाजात म्हणत होते, "लिंबा, बस की. तुझ्यासाठी राखून ठेवलंय."

लिंबराज तिथेच खाली बसला. ढेकूळ डोक्यावरून घरंगळून महाराजांच्या उशाशी पडले.

"पाटील," तो कसाबसा म्हणाला, "दगड म्या सरकवला. बांध म्या मोडला. सटवा असता तर हात धजला नसता माझा." आणि त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराजांनी एक डोळा उघडला. "अरे, माझे पाय काय धरतोस? मी आपला निजायला आलो होतो. माझी जागा मला करून दे, झालं."

लिंबराजने तिथल्या तिथे माती ओढायला सुरुवात केली. पंचांनीही हात लावला. धावेवरचा दगड त्याने एकट्याने उचलून आणला आणि आंबिलाचे थेंब होते तिथे रोवला. ऊन चांगले वर आले तेव्हा गुडघाभर बांध उभा राहिला होता. महाराजांनी त्यावर घोंगडी अंथरली आणि म्हणाले, "माय, ही माणसं दमली. आंबील दे सगळ्यांना."

"हाय कुठं महाराज, सगळं तर शिंपलं," असे म्हणत गवळणबाईने मडके वाकवले. आंबील आले. पाटलांची वाटी भरली, पंचांच्या भरल्या. लिंबराज मान खाली घालून लांब उभा होता.

"भावजी," ती म्हणाली, "बसा की. तुमच्यासाठी राखून ठेवलंय."

लिंबराज दचकला. हे शब्द धुक्यात ऐकल्याचे त्याने कुणालाच सांगितले नव्हते. तो बांधावर बसला आणि त्याने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. गवळणबाईने मडके उपडे केले. ओंजळ काठोकाठ भरली, आणि मडक्यात एक थेंबही उरला नाही. मग लिंबराजने ती ओंजळ कपाळाला लावली आणि त्या विधवेपुढे, त्या बांधापुढे, त्यावर निजलेल्या महाराजांपुढे तो खाली वाकला.