आवडू चितारणीची फळी

फार वर्षांपूर्वी, खाडीचं पाणी सातेरीच्या देवळाच्या पायरीला लागत होतं त्या काळी, कोळंबखोल गावात आवडू नावाची चितारीण राहत होती. तिचा नवरा धाकू कथेकरी. कार्तिकातल्या जत्रेला तो देवळासमोर बसे, चित्रांची पोथी उघडी आणि गावाचे पूर्वज होडीतून या किनाऱ्याला कसे लागले ती गोष्ट सांगे. पोथीतली चित्रं आवडूची. पोथीवर झाकण म्हणून फणसाची फळी असे, तीही आवडूच रंगवी. शिंपल्यांचा चुना, गेरू, हळद, काजळी, थोडा डिंक आणि केवड्याच्या मुळीचा कुंचला, एवढंच तिचं सामान. तिनं ओहोळात कुंचला धुतला की खालचे मासे रंगीत होत, असं म्हणतात.

एका चैत्रात गावाला आग लागली. छपरं गवताची, त्यात वारा सुटलेला. धाकू पोथीसाठी जळत्या घरात शिरला. पानं पेटली होती. त्यानं फळी तेवढी बाहेर फेकली आणि छप्पर त्याच्या अंगावर बसलं.

आवडू रडली नाही. सगळा पावसाळा ती करपलेली फळी मांडीवर घेऊन बसून राहिली. गावातली निम्मी माणसं गाठोडी बांधू लागली. जळक्या जागेवर पुन्हा घर उभं करायची उमेद कुणातच उरली नव्हती. जत्रा तोंडावर आली तेव्हा गावकर, म्हणजे गावातले सर्वांत वडीलधारे गृहस्थ, जड आवाजात म्हणाले, "औंदा कथा नाय. धाकू गेलो, कथा तेच्यावांगडा गेली."

ते ऐकून आवडू उठली. तिनं फळी घासली, आणि रंगच नव्हते म्हणून दारोदार गेली. कुणी चिमूटभर हळद दिली, कुणी गेरूचा खडा. काळा रंग तिनं कुणाकडे मागितला नाही. स्वतःच्या घराची जळकी चौकट तिनं उगाळली.

जत्रेच्या दुपारी तिनं फळी देवळासमोर टेकवून ठेवली. लोकांना वाटलं होतं, अख्खी गोष्ट रंगवली असेल. फळीवर होती फक्त एक रिकामी होडी, होडीत पेटता दिवा आणि ओल्या वाळूत वर गेलेली पावलं.

गावकर पुढे झाले. "गे बाय, ह्यात माणसां खंय?"

"उतारली."

"उतारली ती खंय गेली?"

"तां तुमीच सांगा," आवडू म्हणाली आणि खाली बसली.

गावकरांनी वाळूतल्या पावलांवरून बोट वर नेलं. मग हळूच म्हणाले, "वर गेली. म्हातारी पुढे होती." मागून एक बाई म्हणाली, "म्हातारीच्या ओटीत बियाणां होतां." कोणी वाघाचं सांगितलं, कोणी पहिल्या झोपडीचं, ती वाऱ्यानं तीनदा पडली त्याचं. एकाचं चुकलं की दुसरा सावरून घेई. एका ठिकाणी मात्र सगळं गाव एकदम गप्प झालं. तिथं धाकू दरवर्षी पाणी प्यायला थांबत असे. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळे थांबले, आणि तेव्हा आवडू पदरात तोंड घालून रडली.

दिवेलागणीला देवळात तेल नव्हतं, पण फळीवरच्या दिव्याचा उजेड गोष्ट संपेपर्यंत अंगणात पुरला, असं म्हणतात. सकाळी गाठोडी सुटली. गावातून एकही घर गेलं नाही.

आवडू कधी वारली, ते कुणाला ठाऊक नाही. पण आजही कोळंबखोलात शाळेची नवी पुस्तकं आली की आया ती लगेच उघडू देत नाहीत. मिटलेलं पुस्तक पोराच्या मांडीवर ठेवतात आणि विचारतात, "आत काय असात रे?" पोर वरच्या चित्राकडे बघतं, विचार करतं, काहीतरी सांगू लागतं. त्याचं सांगून होईपर्यंत घरातलं कुणीही बोलत नाही. या गप्प बसण्याला तिथं 'आवडूचा मान' म्हणतात.