लाजाळूनं मिटली बुंदी

एक होती मुंगी. नाव ठकू.
ठकूच्या भावाला झालं बाळ. आज त्याचं बारसं. ठकू बाळाची आत्या. आत्यानं बुंदी आणायची, आत्यानं नाव ठेवायचं. आत्या आली नाही, तर बाळ बिननावाचं.

ठकू निघाली बुंदी घेऊन. तुरुतुरु तुरुतुरु.
बुंदी केवढी? ठकूच्या डोक्याएवढी, वर आणखी दोन डोकी.
ठकू दमली. समोर दिसलं एक रोप. बारीक बारीक पानं, ओळीत बसलेली. ठकूला वाटलं, हे चिंचेचं. हसू नका. तुमच्या बाबांनाही तसंच वाटलं असतं.
तिनं पानावर बुंदी ठेवली आणि...
मिट्ट!
पान मिटलं. बुंदी आत. ठकू बाहेर.
ठकूच्या मिशा ताठ. डोळे बाहेर. तोंड उघडं.

पान म्हणालं, "मी चिंच नाही. मी लाजाळू. कुणी हात लावला की मिटते. तो शेजारचा कुर्डू हलतो, मला लागतो, गुदगुल्या होतात. तो थांबला की उघडीन."

ठकू गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
समोर गुलाबी-पांढरा झुपका. ठकू म्हणाली, अगं खारूताई, शेपटी हलवू नकोस.
शेपटीच बोलली. म्हणाली, मी फूल आहे फूल, मीच कुर्डू.
ठकूच्या मिशा ताठ. डोळे बाहेर. तोंड उघडं.
मग तिनं सांगितलं,
"कुर्डू हलतो,
लाजाळू मिटते,
बुंदी अडते,
बारसं राहतं. थांब ना रे."
कुर्डू म्हणाला, "आघाड्यानं मला धरलंय. तो सुटला की थांबीन."

ठकू गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
समोर उंच हिरवी काठी. ठकू चढली सरसर. उतरताना टोच टोच टोच. काठीला उलटे काटे! तोच आघाडा.
ठकूच्या मिशा ताठ. डोळे बाहेर. तोंड उघडं.
मग तिनं सांगितलं,
"आघाडा धरतो,
कुर्डू हलतो,
लाजाळू मिटते,
बुंदी अडते,
बारसं राहतं. सोड ना रे."
आघाडा म्हणाला, "माझे काटे शेळीच्या केसांत. ती ओढते. ती थांबली की सोडीन."

ठकू गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
शेळी नाचत होती. थुई थुई धडाम, थुई थुई धडाम. म्हातारी शेळी. दाढीवाली.
ठकूच्या मिशा ताठ. डोळे बाहेर. तोंड उघडं.
मग तिनं सांगितलं,
"शेळी ओढते,
आघाडा धरतो,
कुर्डू हलतो,
लाजाळू मिटते,
बुंदी अडते,
बारसं राहतं. थांब ना गं मावशी."
शेळी म्हणाली, "कशी थांबू? एक शेंग लोंबत होती. तपकिरी, लव असलेली. मला वाटलं मखमल. घासली पाठ. ती निघाली खाजकुयली! आता शेण चोळल्याशिवाय खाज जायची नाही. म्हशीला सांग, शेण टाक."

ठकू गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
म्हैस उभी रवंथ करत. ठकू तिच्या कानाशी चढली. सांगू लागली,
"खाज सुटते,
शेळी ओढते,
आघाडा धरतो,
कुर्डू हलतो,
लाजाळू मिटते,
बुंदी अडते,
बारसं राहतं. शेण टाक ना गं म्हशीबाई."
म्हैस म्हणाली, "सकाळीच टाकलं. आता नाही. आता मी पाठ घासणार. हे बघ, इथं किती मऊ मऊ लोंबतंय."
ठकूनं वर बघितलं.
तपकिरी. लव असलेली. शेंग.
या वेळी ठकू चुकली नाही.
"म्हशीबाई, हलू नकोस. ती खाजकुयली आहे."
आता म्हशीचे कान ताठ. डोळे बाहेर. तोंड उघडं. शेपूट वर. आणि घाबरून म्हशीनं...
पचाक्!
केवढं शेण, केवढं शेण!

शेळी बाजूलाच, ती शेणात लोळली. पाठ बरबटली, पोट बरबटलं, दाढीसुद्धा.
खाज गेली.
शेळी थांबली.
आघाडा सुटला.
कुर्डू थांबला.
लाजाळू उघडली. हळू... हळू... हळू...
टप्. बुंदी खाली.
ठकूनं बुंदी उचलली आणि पळाली. तुरुतुरुतुरुतुरु!

घरी सगळे वाट बघून कंटाळलेले. पाळण्यात बाळ. बाळ केवढं? खसखशीच्या दाण्याएवढं.
ठकूआत्या पाळण्याशी वाकली. बाळाच्या कानात म्हणाली, कुर्रर्रर्र.
आणि नाव ठेवलं, डोंगरोबा.
सगळ्या मुंग्यांच्या मिशा ताठ. डोळे बाहेर. तोंडं उघडी.
मग सगळ्यांनी आत्याच्या पाठीत घातले धपाटे. बारशाची रीतच ती. धप्, धप्, धप्.
डोंगरोबा खुदकन हसला.
बुंदी गेली त्यांच्या पोटात, गोष्ट राहिली तुमच्या कानात.