आजीच्या कंगव्याचा नमुना

गाव कुठलंही धरा. तिथं म्हाळू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती, तर कुणी 'जरा थांब' म्हणून विसरून गेलं, की संध्याकाळपर्यंत तिथंच उभा. शेजारच्या गावची शेवंता त्याला मनापासून आवडायची. तिलाही तो आवडायचा, आता का ते विचारू नका. पण तिचे वडील भुजंगराव म्हणाले, "ज्याच्या हाताला काम नाही, त्याला मी पोरगी देत नाही."

म्हाळूच्या कमळामावशीचा प्लास्टिकचे कंगवे करायचा छोटा कारखाना होता. बहिणीच्या शब्दाखातर तिनं त्याला कामावर घेतलं.

"हे बघ," मावशी म्हणाली, "चकलीचा सोऱ्या असतो ना, तसंच हे मशीन. वरून दाणे घालायचे. ते आत वितळतात. मशीन ते साच्यात दाबतं. पण गार झाल्याशिवाय कंगवा काढायचा नाही. ठेवलंस डोक्यात?"

"ठेवलं."

घरी गेला तर आई म्हणाली, "मी पाण्याला जाते, तव्यावरची भाकरी तेवढी काढ." म्हाळू चुलीपुढं बसला. चूल पेटलेली, भाकरी काही गार होईना. आई परत आली तेव्हा घरभर धूर आणि तव्यावर काळं कौल.

"अरे, काढली का नाहीस?"

"गार कुठं झाली?"

आईनं कपाळावर हात मारला. "मग आधी जाळ विझवायचा, मेल्या. ठेव डोक्यात."

"ठेवलं."

दुसऱ्या दिवशी कंगवा काढायची वेळ आली. म्हाळूनं आधी मशीनच बंद केलं आणि वर पाण्याची घागर ओतली. मशीनच्या पोटातलं प्लास्टिक आतल्या आत दगड झालं. ते कोरून काढण्यात मावशीचा आठवडा गेला.

"बाबा रे, मशीनला उपाशी ठेवायचं नाही," मावशी म्हणाली. "वरचं तोंड रिकामं दिसलं की लगेच भरायचं. ठेवलंस?"

"ठेवलं."

पोराला काम लागलं असं ऐकून भुजंगराव रविवारी जेवायला आले. बुंदीचे लाडू होते. एक लाडू संपवून ते म्हणाले, "बरं का म्हाळू..." तोंड उघडलं, तोंड रिकामं. म्हाळूनं लाडू भरला. तो कसाबसा गिळून ते म्हणाले, "पु..." म्हाळूनं दुसरा भरला. परात संपली तेव्हा कुठं त्यांना 'पुरे' म्हणता आलं.

पण माणूस दिलदार होता. पाणी पिऊन म्हणाला, "घर खाऊ घालणारं आहे." मग त्यानं खिशातून एक जुना कंगवा काढला. "हा माझ्या आजीचा, म्हशीच्या शिंगाचा. मी जत्रेत बांगड्या-कंगवे विकतो. हुबेहूब असे पोतंभर कंगवे जत्रेच्या आत करून द्या. माल बरोबर निघाला, की लग्नाची तारीख काढू."

मावशीनं तसा साचा कोरून आणला आणि म्हाळूला जवळ बसवलं. "आता तुझं लग्न या कंगव्यांवर आहे, म्हणून नीट ऐक. पूर्वी कंगवे शिंगाचे, नाहीतर हस्तिदंताचे. एकेक दात हातानं कापायचा. दोन कंगवे सारखे म्हणून निघायचे नाहीत. मग शंभर-दीडशे वर्षांपूर्वी परदेशात कुणाला तरी सुचलं, की वितळलेलं प्लास्टिक पिचकारीसारखं साच्यात मारावं. तेव्हा कुठं हत्ती सुटले. आता हजार काढ, हजार सारखे. आणि बिघडला तरी वाया जात नाही. चक्कीत टाकायचा, चुरा होतो, तो परत वितळवायचा."

"बिघडला हे कळणार कसं?"

"नमुन्याशी ताडून बघ. रंग कुठलाही चालेल, पण आकार जरा वेगळा दिसला की चक्कीत. आणि कंगवा चांगला आहे की नाही, ते केसांतून फिरवल्यावर कळतं. ठेवलंस?"

"ठेवलं."

म्हाळूनं पोतंभर हिरवे कंगवे काढले. एकही बिघडला नाही. मावशीला भरून आलं. ती म्हणाली, "पोरानं नाव काढलं." मग ती भुजंगरावांना आणायला गेली.

म्हाळूनं विचार केला, सगळे कंगवे तपासले, पण नमुना चांगला आहे की नाही ते कुणी बघितलंय? दारात म्हैस बांधलेली होती. त्यानं आजीचा कंगवा म्हशीच्या शेपटीच्या गोंड्यातून फिरवला. गोंडा शेणानं कडक झालेला. कंगव्याचा मधला दात मोडला.

म्हाळू कंगवा घेऊन पुन्हा पोत्यापाशी बसला. पहिला हिरवा कंगवा नमुन्याशी ताडून बघितला. एक दात जास्त. दुसरा बघितला. एक दात जास्त. लग्नाचा प्रश्न होता, म्हणून त्यानं सगळे बघितले.

मावशी आणि भुजंगराव आले तेव्हा चक्की नुकतीच थांबली होती. मावशीनं पोतं उघडलं. आत हिरवा चुरा.

"म्हाळू, कंगवे कुठायत?"

"सगळे बिघडलेले निघाले, मावशी. पण काही वाया गेलं नाही. आणि नमुना मी जपून ठेवलाय." त्यानं आजीचा कंगवा पुढं केला.

भुजंगरावांनी कंगवा बघितला. मोडलेला दात बघितला. त्यात अडकलेलं शेण बघितलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. तोंड नुसतं उघडंच राहिलं.

म्हाळूनं ते बघितलं. रिकामं होतं. त्यानं पोत्यातला ओंजळभर चुरा उचलला आणि सासऱ्याचं तोंड काठोकाठ भरलं.

"अरे, हे काय केलंस?" मावशी ओरडली.

"काही काळजी करू नकोस, मावशी," म्हाळू म्हणाला. "गार झाल्याशिवाय मी काढत नाही."