समुद्राने आणलेला माणूस

जो जळी-स्थळी भरून उरला आहे आणि ज्याच्या लेखी कोणीही परका नाही, त्या दीनदयाळाला प्रथम वंदन.

फार वर्षांपूर्वी इंग्रजांच्या मुलुखात, समुद्राच्या काठी, दोन लहान गावे होती. मधून एक ओढा वाहत असे. प्रत्येक गावाचे चर्च वेगळे, दफनभूमीही वेगळी. ज्या गावाच्या हद्दीत प्रेत सापडेल, त्याच गावाने ते पुरावे, असा तिथला नियम होता.

एका हिवाळ्यात गलबते फार फुटली. अलीकडच्या गावाने सात अनोळखी माणसे पुरली. आठवा एका सकाळी वाळूवर आला.

हेस्टर नावाची विधवा म्हातारी घोंगडी घेऊन धावली. "अरे, त्याच्या छातीला कान तरी लावा!"

चर्चचा कारभारी म्हणाला, "आजी, कान लावला की तो आपल्या गळ्यात पडला. पलीकडच्यांकडे अजून एकही पाहुणा गेलेला नाही. त्यांनाही थोडे पुण्य लाभू दे."

"माझ्या चुलीपाशी निजवते मी त्याला. मेलाच असेल, तर मीच खड्डा खणीन."

"हातातली काठी उचलवत नाही, अन् खड्डा खणणार!"

माणसे हसली. त्यांनी त्याला उचलले, तेव्हा त्याचे उघडे तळवे खाली लोंबत होते. ओढा ओलांडून त्यांनी त्याला पलीकडच्या गवतात टाकले. त्या गार पाण्यात म्हातारीला उतरवेना. धुक्यात काही दिसेना. ती अलीकडून नुसत्या हाका मारीत राहिली.

दुपारी पलीकडचे लोक हातगाडी घेऊन आले. "तुमचा माल तुम्हालाच लखलाभ!" असे म्हणून त्यांनी त्याला वाळूवर लोटले.

हेस्टरने त्याचे डोके मांडीवर घेतले. त्याच्या मुठी आता घट्ट मिटलेल्या होत्या. बोटांमधून ओढ्याकाठचे गवत बाहेर आले होते, मुळांसकट उपटलेले.

"हा तिथे जिवंत होता रे," ती म्हणाली. "सरपटत यायला बघत होता."

कारभाऱ्याने टोपी काढली आणि त्या छातीला कान लावला. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. आत काहीच नव्हते.

खड्डा त्याने एकट्याने खणला. दोन्ही गावे कबरीभोवती जमली. पाद्रीबाबांनी नोंदवही उघडून विचारले, "मृत्यू केव्हा झाला? सकाळी, की दुपारी?"

वहीतली ती जागा कोरीच राहिली.

बोध हाच, की माणूस कोणाचा हे आधी विचारणारा त्याच्या मरणाचा वाटेकरी होतो.

ऐकणाऱ्या सर्वांचे, त्यांच्या लेकराबाळांचे भगवंत कल्याण करो, आणि घरोघरी दया नांदो.